पौषातला मोकळा मंडप

थंडी पडली हे आमच्याकडे नुसतं अंगाला कळून चालत नाही. पेपरात यावं लागतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा किती उतरला, हा आकडा डिसेंबरपासून पेपरात ठळक छापून येतो आणि चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवला जातो. सात म्हटलं की मंडळी सुखावतात. सहा म्हटलं की छाती पुढे येते. त्यात महाबळेश्वर बारा-तेरा अंशांवर रेंगाळत असेल तर विचारूच नका. लोक पैसे मोजून तिकडे गारठायला जातात आणि आपल्याला घरबसल्या त्याच्या निम्मा पारा मिळतो, याचा अभिमान आमच्या तालुक्यात कानटोपीतूनही ओसंडत असतो. वास्तविक निफाड शेजारचा तालुका. पण पाऱ्यापुरतं आम्ही ते आपलंच धरतो.

या आनंदात द्राक्षवाले तेवढे सामील नसतात. पारा उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून ते बिचारे पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात. गावातली शेकोटी मात्र निव्वळ बोलण्यासाठी असते. तिच्यात जुने टायर, खोकी, निवडणुकीतल्या फ्लेक्सच्या चौकटी असं काहीही जळत असतं आणि तिथेच दरवर्षी कुणीतरी हात शेकता शेकता म्हणतं, “यंदा गावात काहीतरी झालं पाहिजे राव.”

हे ‘काहीतरी’ नेमकं काय आणि कधी, हे नगरपालिका ठरवते असा एक समज आहे. वाचनालय ठरवतं, असा वाचनालयाचा समज आहे. खरं तर ते मंडपवाल्या काकांच्या डायरीत ठरतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांचे मुहूर्त निघतात आणि पुढचा महिनाभर त्या डायरीत बोट ठेवायला जागा नसते. मग पौष लागतो. पौषात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. गाद्या, लोड, सतरंज्या, कनाती, नवरा-नवरीचा मखमली सोफा, पाठीवर काकांचं नाव रंगवलेल्या शेकडो खुर्च्या, सगळं गोडाऊनात उंदरांच्या स्वाधीन होतं. काकांचा जीव वरखाली होऊ लागतो. मग ते स्वतःच स्कूटरवरून एकेका संस्थेत चक्कर टाकतात. “घ्या की एखादा कार्यक्रम. भाड्याचं बघू मागनं.” न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती विचारांच्या प्रसारासाठी. आमच्या हिवाळी व्याख्यानमालेची प्रेरणा मात्र रिकाम्या खुर्च्या, आणि ती प्रेरणा शेवटच्या दिवसापर्यंत मंडपात टिकून असते.

एकदा तारखा मिळाल्या की समित्या स्थापन होतात. समित्या पुष्कळ, माणसं तीच. वाचनालयाचे अध्यक्ष ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार असतात, ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष कराओके क्लबचे मुख्य गायक आणि कराओके क्लबचे सचिव मॅरेथॉनचे तांत्रिक सल्लागार. तांत्रिक म्हणजे त्यांच्याकडे शिट्टी आहे. या मंडळींमध्ये हजेरीचा व्यवहार आहेरासारखा चालतो. तुम्ही आमच्या कविसंमेलनाला दोघं आलात, आम्ही तुमच्या सूर्यनमस्काराला दोघं येऊ. कोण आलं, कोण नुसतं तोंड दाखवून गेलं, कुणी पुढच्या रांगेत बसून डुलकी काढली, याची नोंद कुठे लिहिलेली नसते, पण विसरत कुणीच नाही.

हंगामाचं उद्‌घाटन मॅरेथॉननं होतं. खऱ्या मॅरेथॉनचं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असतं. आमची बसस्थानकापासून मार्केट यार्डापर्यंत जाऊन परत येते. पण तिला दौड किंवा शर्यत म्हटलं तर पतसंस्था टी-शर्ट देत नाही. आणि टी-शर्ट हाच त्या उपक्रमाचा गाभा आहे. त्याच्या छातीवर आरोग्याचा संदेश आणि पाठीवर सौजन्य करणारे सगळे: पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, दोन बेकऱ्या, एक ट्रॅक्टरचं शोरूम आणि नगरपालिकेचे तीन इच्छुक. निवडणूक होऊन गेली तरी इच्छुक हे पद रिकामं होत नाही. टी-शर्ट वाटपाच्या दिवशी सडपातळ लोकांपर्यंत रांग पोचते तेव्हा फक्त डबल एक्सेल उरलेले असतात. पण थंडीत ते सोयीचंच पडतं, स्वेटरवरून घालता येतात. रविवारी पहाटे साडेपाचला चौकात निम्मं गाव लठ्ठ दिसतं.

हिरवा झेंडा दाखवायला येणारे पाहुणे सहाला येणार असतात, म्हणजे पावणेसातला येतात. तोवर गोठून जाऊ नये म्हणून झुंबा. शहरातून आणलेली एक चपळ मुलगी व्यासपीठावर उड्या मारते आणि खाली बँकेतून निवृत्त झालेले लोक, मफलर न सोडता, तिच्या मागून दीड सेकंदानं हात वर करतात. ती उजवीकडे वळते तेव्हा हे डावीकडून परतत असतात. अनेकांचे खांदे एकमेकांना लागतात आणि तिथल्या तिथे जुन्या ओळखी निघतात.

शर्यत सुटल्यावर मात्र आयोजकांची पंचाईत होते. पहिला नंबर कुणाचा यावा याबद्दल गावाच्या काही अपेक्षा असतात. डॉक्टर असोसिएशननं वर्षभर सायकली चालवल्या आहेत, त्यांचे बूट बघूनच माणूस नमस्कार करील. पण जिंकतो कुणीतरी पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं, त्यामुळे आसपासच्या वस्त्यांवरची पोरं रोज अंधारात डांबरी रस्त्यावर पळतच असतात. त्यांतलाच एक डेअरीत दूध घालायला आलेला असतो. गर्दी कसली म्हणून थांबतो, किटली टपरीवर ठेवतो, जागेवर नाव नोंदवतो आणि डॉक्टर मंडळी पेट्रोलपंपाशी असताना हा परत येऊन गुडघ्यावर हात न टेकता उभा. फोटोत त्याला टी-शर्ट नसतो म्हणून कुणाचा तरी उतरवून त्याला घालतात. बक्षीस घेऊन तो किटली उचलतो आणि जातो. पुढची सगळी भाषणं उरलेल्यांच्या जिद्दीवर होतात.

व्याख्यानमालेला मात्र जिद्द श्रोत्याजवळ लागते. वेळ संध्याकाळी सातची. साडेसातला दीपप्रज्वलन. उघड्या पटांगणात, पौषातल्या वाऱ्यात, समईच्या पाच वाती पाच मान्यवरांनी पेटवायच्या म्हणजे काय ते एकदा जवळून बघावं. पहिली काडी विझते. दुसरी विझते. मग अध्यक्ष समईभोवती शाल धरतात, उपाध्यक्ष शाल पेटू नये म्हणून अध्यक्षांना धरतात, प्रमुख पाहुणे मेणबत्ती घेऊन त्या तंबूत हात घालतात आणि निवेदिका माईकवरून तमसो मा ज्योतिर्गमय हे तिसऱ्यांदा म्हणते. एक वात लागते. दुसऱ्या मान्यवराचा नंबर येईपर्यंत पहिली गेलेली. शेवटी साउंडवाला पोरगा खिशातून लायटर काढतो, अर्ध्या मिनिटात पाचही वाती लावतो आणि फोटोसाठी पुन्हा पाचही मान्यवर विझलेल्या मेणबत्त्या समईला टेकवून कॅमेऱ्याकडे बघतात.

मग सत्कार. आमच्याकडे वक्त्याला शाल देतात ती अंगावर घालण्यासाठी नाही. दोघांनी धरायची, खांद्यावर पसरायची, टाळ्या झाल्या की वक्त्यानं ती लगेच काढून घडी करून टेबलावर ठेवायची, असा दंडक आहे. काढायला जरा उशीर झाला तर माणूस हपापलेला वाटतो. त्यामुळे बोचऱ्या वाऱ्यात, खादीच्या पातळ सदऱ्यात, बाहेरगावचा विद्वान कुडकुडत बसलेला असतो आणि त्याच्या कोपराशी वाचनालयाची, रोटरीची, दोन पतसंस्थांची आणि माजी विद्यार्थी संघाची अशा पाच उबदार शालींची चळत असते. त्याची नजर अधूनमधून तिकडे जाते. एका वर्षी एका प्राध्यापकांनी पहिली शाल काढलीच नाही. दुसरी तिच्यावरून घेतली, तिसरी मांडीवर पसरली आणि चौथीची वाट बघत शांत बसले. समितीत त्यावर दोन तट पडले. पण श्रोत्यांनी त्यांना जेवढी दाद दिली तेवढी पुढे त्यांच्या भाषणाला मिळाली नाही.

विषय बहुधा तरुण पिढीचा असतो. मोबाइलच्या विळख्यातील तरुण पिढी, संस्कार आणि तरुण पिढी, तरुण पिढी कुठे चालली आहे. समोर जेमतेम दोनशे माणसं, त्यांतलं सर्वांत तरुण माणूस साठीचं. तरुण पिढीच्या वतीनं एकटा साउंडवाला हजर असतो. तो मिक्सरमागे बसून मोबाइलवर रील बघतो आणि आपल्याविषयी एवढं गंभीर बोललं जातंय याची त्याला कल्पना नसते.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, असा २००० सालापासून कायदा आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस गणपती-नवरात्र बहुतेक खाऊन टाकतात. व्याख्यानाला कोण देतो सवलत? त्यामुळे पावणेदहाला वक्ता ऐन रंगात आला की कार्यवाह त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवतात. त्याला वाटतं वेळ भरली. तसं नसतं. आभारप्रदर्शनाला वेळ कमी पडतोय, असं तीत लिहिलेलं असतं. आमच्या कार्यक्रमात वक्ता बदलता येतो, विषय बदलता येतो, आभारांच्या यादीतलं एक नाव गाळता येत नाही. दहाच्या ठोक्याला पोलिसांची गाडी कोपऱ्यावर येते, साउंडवाला बटण बंद करतो आणि आभार तसेच, तोंडी, वरच्या पट्टीत चालू राहतात. उठून जावं तर नेमकं आपलं नाव यायचं. शेवटी पोलिसांचे आभार मानतात तेव्हा गाडीतला हवालदार नकळत ताठ बसतो.

बाकीच्या तारखा काही डायरीवर अवलंबून नसतात, त्या कॅलेंडरमध्येच आहेत. २४ डिसेंबर ही मोहम्मद रफींची जयंती, म्हणजे कराओके क्लबचा वार्षिक महोत्सव. पूर्वी ऑर्केस्ट्रात वादक गायकाला सांभाळून घ्यायचे. चुकला तर थांबायचे, पळाला तर मागून पळायचे. हा ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. आमचे एक निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर पहिला अंतरा भावनेच्या भरात इतका लांबवतात की दुसरा त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. मग ते डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून, बासरीचा तुकडा येण्याची वाट बघतात आणि तिथे ट्रॅकला गाठतात. बायका त्या जागेला टाळ्या वाजवतात. ६ जानेवारीला पत्रकार दिन. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्याची आठवण म्हणून गावातल्या समस्त पत्रकारांचा सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी सगळ्या पेपरांत अत्यंत सविस्तर येते. एवढं सविस्तर आमच्या पाणीप्रश्नावर कुणी लिहिलेलं आठवत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघाची हुरड्याची सहल नगर जिल्ह्याच्या हद्दीत जाते. हुरड्याला ज्वारीचं कणीस दाणा दुधाळ-मऊ असतानाच लागतं, दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले की दाणा टणक. शेतात जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी लावतात, निखाऱ्यात कणसं भाजतात आणि राखाळलेलं कढत कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. ते काम करायला राबून घट्ट झालेले हात लागतात. आमच्यातल्या एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांनी हौसेनं एक कणीस घेतलं, ते हवेत उडालं, आणि पुढचा तासभर साहेब बर्फाच्या पाण्यात हात घालून इतरांना चोळण्याचं तंत्र समजावत होते. हुरडा आगटीतून निघाला की निघाला, तसा खावा, शेंगदाण्याच्या नाहीतर लसणाच्या चटणीशी, वर दही. गार झाला की मजा गेली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही पहिला घाणा ताटात पडतो न पडतो तोच अध्यक्ष उभे राहतात. शेतमालकाचा सत्कार राहिला होता ना. मग प्रास्ताविक. मग ज्वारीचं आहारातलं महत्त्व. गूळभेंडीचा हुरडा सरस की सुरतीचा यावर एका सदस्यांचं अनुभवकथन. वाफ विरत जाते, हात ताटाकडे जातात आणि शिष्टाचारानं परत येतात. शेतमालकाची आई आगटीपाशी बसून हे बघत होती. तिनं शेवटी सुनेला हाक मारली, “अगं, यांना जेवणच वाढ. हुरडा खायला नाही आले हे.”

संक्रांतीला आमच्या समितीचं अवसान गळतं, कारण येवला जवळ आहे. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात लाकडी आसारी, खाली हलकडीचा ताल, आकाश दिसू नये इतके पतंग. पैठणीच्या मागावरचा विणकरही त्या दिवसांत धागा आभाळात सोडून बसतो. अध्यक्ष नाही, स्वागताध्यक्ष नाही, उद्‌घाटन कुणी केलं ते कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. आमची मंडळी हे बघायला गेली आणि फार अस्वस्थ होऊन परतली. एवढा मोठा कार्यक्रम आणि आभार कोण मानतं?

म्हणून आम्ही आमचा स्वतंत्र पतंग महोत्सव घेतला, नियोजनबद्ध. मैदान आखलं, व्यासपीठ उभारलं, प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून मंडपवाल्या काकांनी साठ बाय शंभरचा भक्कम मंडप घातला. वरून पांढरं कापड, मध्ये झुंबर. भाषणं झाली. नायलॉन मांजा वापरणार नाही अशी सामूहिक शपथ झाली. ती गरजेचीच आहे, त्या मांजानं पाखरं आणि दुचाकीवाले दोन्ही कापले जातात. मग पाहुण्यांनी पहिला पतंग सोडला आणि सगळ्या प्रेक्षकांनी माना वर केल्या. वर झुंबर होतं. पतंग मंडपाबाहेर कुठेतरी चांगला उडत असावा, कारण बाहेर उभी असलेली फुगेवाल्याची पोरं ओरडत होती. आत समालोचक सांगत होता, पतंग डावीकडे चालला आहे, आणि दोनशे माणसं डावीकडच्या कनातीकडे बघत होती.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तिच्यासाठी नगरकडून, मराठवाड्यातून दिंड्या निघतात, त्यांतल्या काही आमच्या रस्त्यानं जातात. वारकऱ्यांना चहा-बिस्किटं घरोघरचे लोक आपसूक देतात. पण समितीला त्यांचा सत्कार करायचा होता. चौकात टेबल मांडलं, शाल-श्रीफळ तयार. दिंडी आली ती टाळांच्या नादात, थांबायचं नाव नाही. अध्यक्ष वीणेकऱ्याच्या बरोबरीनं चालू लागले, मागून शाल घेऊन उपाध्यक्ष, त्यांच्या मागून नारळ घेऊन खजिनदार, पुढे उलटा चालणारा फोटोग्राफर. वीणा खाली ठेवायची नसते, तेव्हा वीणेकऱ्याचे दोन्ही हात अडकलेले. शाल खांद्यावर पडली ती वीणेच्या खुंट्यांत गुंतली. नारळ कुणाच्या हातात द्यायचा? तोवर गावाची वेस आली. शेवटी एका म्हाताऱ्या वारकरणीनं नारळ घेतला, शाल सोडवून घेतली, थंडीनं काकडणाऱ्या एका पोराच्या डोक्याला गुंडाळली आणि अध्यक्षांना म्हणाली, “चला की माउली, आलाच आहात तर त्र्यंबकपर्यंत.” अध्यक्षांना दुपारी हळदीकुंकवाच्या वाणांचं वाटप होतं. ते रिक्षानं परत आले.

माघ लागला की मुहूर्त निघतात आणि काकांचा स्वभाव बदलतो. पौषात जे “मागनं बघू” म्हणत होते ते आता फोन उचलत नाहीत. व्याख्यानमालेचा समारोप नेमका एका हळदीच्या आदल्या रात्री आला. अध्यक्षीय भाषण चालू असतानाच काकांची पोरं मागच्या बाजूनं कामाला लागली. रिकाम्या खुर्च्या एकात एक बसवल्या, मग कनात उतरवली, मग सतरंजी गुंडाळत गुंडाळत पुढे येऊ लागली. श्रोते एकेक रांग पुढे सरकत गेले. सभा एवढी दाटीवाटीची कधीच झाली नव्हती, असं अध्यक्ष भारावून म्हणाले. नवरा-नवरीच्या सोफ्यावर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांपाशी पोरं आली तेव्हा पाहुणे समजूतदारपणे उठून उभे राहिले.

बिल द्यायला मात्र समितीकडे पैसे नव्हते. इच्छुकांनी टी-शर्टावर खर्च केला होता, पतसंस्थेचा चेक मार्चअखेर येणार होता. खजिनदारांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि गावाच्या सांस्कृतिक चळवळीला अनेक वर्षं खंबीर आधार देणारे म्हणून काकांचाच सत्कार जाहीर झाला. शाल पसरली. नारळ दिला. टाळ्या झाल्या. काकांनी दंडकाप्रमाणे शाल काढून घडी घातली, काखेत मारली आणि दोन शब्द बोलण्यासाठी माईक हातात घेतला.

“आभारी आहे,” काका म्हणाले. “बाकी साडेसात हजार.”

खजिनदारांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा वाजून गेले होते. साउंडवाल्यानं बटणाला हात लावला खरा, पण तो काकांचा भाचा.